कपाट नावाची फाईल

प्रिय कानवाल्या,

पत्र कागदावर का लिहिलं, हा प्रश्न तुला पाकीट हातात घेतल्याबरोबर पडला असेल. तुझ्यामुळेच. फोन तू उचलत नाहीस, मेल बंद करून बसलास, आणि आपल्या प्रोग्रॅमच्या कामातून तुझं नावही तूच खोडून टाकलंस. मग उरलं काय, तर आजींसाठी तू दर महिन्याला कानाच्या मशीनचे सेल पाठवतोस, त्या पाकिटाच्या पाठीवरचा पत्ता. तोही कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. इतकी वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, पण तुझ्या खोलीचा नंबर लावताना जेवढे डोळे ताणावे लागले तेवढे कधी लागले नव्हते. एक विनंती आहे. हे कारखान्यात, मशीनच्या धडधडाटात उभ्या उभ्या वाचू नकोस. खोलीवर ने, हात धू आणि बसून वाच.

आजी बऱ्या आहेत. खरं तर 'तुझी आई' असं लिहायला हवं, पण आपली लेक बोलायला लागली आणि तिनं त्यांना आजी म्हटलं, त्या दिवसापासून या घरात त्यांना दुसरं नाव उरलं नाही. तू बायकोला सोडून गेलास याचं शेजारच्या काकूंना फारसं काही वाटलं नाही, पण स्वतःच्या आईला सुनेकडे ठेवून गेलास याचं नवल त्या अजून करतात. मी करत नाही. आमचं दोघींचं बरं चाललंय. त्यांचे दोन्ही कान आता पूर्ण गेले. डॉक्टर म्हणाले, मशीन काढून ठेवा, काही उपयोग नाही. पण तुझं पाकीट आलं की त्या टेबलावर रुमाल पसरतात, जुने सेल काढतात, नवे बसवतात, दोन्ही कानांत मशीन घालतात आणि खुर्चीत ताठ बसतात. पोरानं पाठवलंय ते वापरायला नको का, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी एक गोष्ट मात्र न चुकता करतात. पाकीट उलटं धरून झटकतात. आत चिठ्ठी असेल तर पडेल म्हणून.

आपला प्रोग्रॅम अजून त्यांच्या खुर्चीशेजारी, त्याच पडद्यावर चालतो. घरात कुणी काही बोललं की तिथे उमटतं आणि आजी वाचून उत्तर देतात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझी पंचाईत अशी झाली आहे की स्वयंपाकघरात मी स्वतःशी पुटपुटलेलंही पडद्यावर येतं. परवा भांडी घासताना काहीतरी बोलून गेले, तर बाहेरून हाक आली, "अगं, मी अजून जिवंत आहे!" सासूच्या पाठीमागे कुरकुर करायची सोय नसलेली या गावातली मी एकटीच सून असेन. हे तुझेच उपकार.

आता मुद्द्यावर येते. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तयार आहे आणि तिच्या वाटेत एकच फाईल आडवी पडली आहे. कपाट नावाची. ती राहते की जाते, हे या महिन्यात ठरायचं आहे. कोणती फाईल ते तुला सांगायला नको. तरीही मी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण तू गेल्यापासून या विषयावर मी एका माणसाशीही बोललेले नाही आणि मला आता बोलायचं आहे.

तुला ते पहिलं वर्ष आठवतं का? तुझं जिन्याखालचं दुकान, बाहेर पाटीवर रंगवलेला भलामोठा कान. त्या पाटीमुळेच सगळा रस्ता तुला कानवाला म्हणायचा. म्हातारी माणसं यायची, तू त्यांच्या कानाचे साचे घ्यायचास, मशीन साफ करून द्यायचास, आणि ती निघाली की हळूच म्हणायचास, यांना मशीनचा उपयोग नाही, यांना कुणीतरी बोललेलं लिहून दाखवायला हवं. मी तेव्हा तुझ्या दुकानाची माहितीपत्रकं तपासायला यायची. प्रत्येक ओळीवर एखादं टिंब मी वाढवायचीच, म्हणून तू माझं नाव अनुस्वार ठेवलंस. लग्नानंतर आजींचे कान जायला लागले तेव्हा तू रीतसर कामाला लागलास. आवाज ओळखायचं काम तुझं, शब्दांवरून वाक्य जुळवायचं काम माझं. तयार होत गेलं तसं आपण ते सगळ्यांसाठी उघडं टाकलं. कुणीही घ्या, आत डोकावून बघा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, दुरुस्ती परत पाठवा. मला आधी पटलं नव्हतं. आपल्या घरातलं काम असं चव्हाट्यावर का मांडायचं, म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तू म्हणालास, बहिरी माणसं काय आपल्या एकाच घरात आहेत?

लोक आवाज द्यायला लागले. रिक्षा चालवणारा, शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स. घरात वाक्यं वाचायची, रेकॉर्ड करायची, आपल्याकडे पाठवायची. तेव्हा तू दोन नियम केलेस आणि ते आजही चालू आहेत. पहिला, ज्याचा आवाज त्याचा होकार. माणसानं स्वतः हो म्हटल्याशिवाय त्याचा आवाज आत ठेवायचा नाही, आणि त्यानं काढा म्हटलं की त्याच दिवशी काढायचा, कारण विचारायचं नाही. दुसरा नियम तीन कानांचा. रेकॉर्डिंगमध्ये काय म्हटलंय हे तीन परक्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, नुसतं ऐकून लिहायचं. जुळलं तरच खरं धरायचं. आणि घरचे कान चालणार नाहीत, कारण घरच्यांना माणूस बोलायच्या आधीच कळतं. हे तुझं वाक्य मी तेव्हा शुद्ध करून सगळ्यांना पाठवलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

मग आपली लेक आली. आणि काय आवाज घेऊन आली! तू जन्मभर कानांशी काम केलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. तुझ्या पोटी भोंगा. तिला हळू बोलणं हा प्रकारच माहीत नव्हता. झोपेतसुद्धा मोठ्यानं बोलायची. जिन्यात हसली तर वरच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायचे. तिची आणि आजींची गट्टी जमली ती त्या पडद्यामुळे. ती ओरडायची, आजी वाचायच्या. आपली नात मोठ्यानं बोलते की हळू, हे आजींना कधी कळलंच नाही. त्या तिला फार शांत मुलगी समजायच्या. यावर आपण दोघं किती हसलो आहोत!

लपाछपीचा खेळ त्या दोघींनीच काढला. बेडरूममधलं ते मोठं कपाट तू रेकॉर्डिंगला वापरायचास, आतले कोट आणि ब्लँकेटं आवाज शोषून घेतात म्हणून. माईक आतच टांगलेला असायचा. भोंगा त्यात जाऊन बसायचा आणि सांगायचा, "मी लपले, आता मला शोधा." हॉलमध्ये आजींच्या पडद्यावर तेवढंच उमटायचं. मग आजी उठायच्या, पलंगाखाली बघायच्या, खिडकीच्या पडद्यामागे बघायच्या, फ्रीजचं दारसुद्धा उघडून बघायच्या आणि सगळ्यांत शेवटी कपाटाकडे जायच्या. कधी कधी तर दार उघडूनही कोटांमागची ती त्यांना सापडायची नाही. मी शेजारच्या खोलीत प्रूफं घेऊन बसलेली असायची आणि माझ्या मते लेक त्या वेळी दुपारची झोपलेली असायची. तसल्याच एका दुपारचं रेकॉर्डिंग तू चाचणीत टाकलंस. कोटांमुळे दबलेला आवाज, लहान मूल, कपड्यांची सळसळ. प्रोग्रॅमला याहून अवघड काय देणार? तीन परक्यांनी ऐकलं, तिघांनीही तेच लिहिलं. खालचा बरोबर मजकूर मी माझ्या हातानं टाईप केला. मी लपले, आता मला शोधा. फाईलला नाव दिलं कपाट. कुणाचा आवाज आहे हे आपण कुठेच लिहिलं नाही, आणि बरंच केलं.

आपल्याकडे कुणीही प्रोग्रॅमची एक ओळ बदलली तरी ती आत घ्यायच्या आधी सगळ्या चाचण्या आपोआप चालतात, प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून प्रोग्रॅमनं लिहिलेलं बरोबर मजकुराशी जुळतं का ते बघितलं जातं, हे मी तुला सांगावं असं नाही. पण ती गेल्यानंतर मला ते नव्यानं कळलं. कुठल्या कुठल्या गावांतून माणसं बसलेली असतात, आपलं काम आटोपून एखादी ओळ सुधारतात, आणि त्यांच्या मशीनमध्ये आपली लेक म्हणते, आता मला शोधा. आणि प्रोग्रॅमला ती शोधावीच लागते. सापडली नाही तर पुढे जाताच येत नाही. त्या सगळ्या अनोळखी माणसांचा मला फार आधार वाटायचा. मी स्वतः ती फाईल कधी उघडली नाही, माझी छातीच झाली नाही. मी रोज फक्त तिच्या नावापुढची हिरवी खूण बघायची. आज सापडली, एवढं कळलं की मी प्रूफं घेऊन बसायची.

हॉस्पिटलबद्दल मी फार लिहिणार नाही. ताप मेंदूत गेला, असं ते म्हणाले, आणि आपण दोघांनी शहाण्यासारखी मान हलवली. ज्या मुलीला आयुष्यात कुणी गप्प करू शकलं नाही ती त्या खोलीत गप्प पडली होती. शेवटी ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तू तिच्या तोंडाशी कान नेलास. हजारो माणसांचे कान तपासलेला तू, तुला ऐकू आलं नाही. तू म्हणत होतास, "मोठ्यानं बोल, राजा. मोठ्यानं बोल." मी तुझा शर्ट मागून धरला होता. एवढंच मला आठवतं, शर्टाची शिवण.

त्यानंतर तू पहिल्यांदा काम उघडलंस ती सकाळ. तुला चाचण्या मोठ्यानं लावून ऐकत बसायची सवय. त्या दिवशी ते बंद करायचं तुझ्या लक्षात राहिलं नाही. तिचा आवाज घरभर घुमला. मी दारात आले तोवर तू स्पीकरची वायर भिंतीतून उपटली होतीस. पण पडद्यानं आपलं काम केलं होतं. आजींनी वाचलं. त्या खुर्चीतून उठल्या, बेडरूममध्ये गेल्या आणि त्यांनी कपाटाचं दार उघडलं. किती वेळ तशाच उभ्या होत्या. मग दार लावून परत येऊन बसल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हा तू मला म्हणालास, मेल्यावरही तू तिला रोज कामाला लावणार का? ओरडला नाहीस. तू कधी ओरडत नाहीस, हेच तर दुखतं. मी म्हटलं, निदान तिथे तरी ती रोज सापडते. तू म्हणालास, मला ती फाईल ऐकवत नाही. मला वाटलं, तिचा आवाज सहन होत नाही. मला तो आवाज हवा होता आणि तुला नको होता, इतका साधा हिशेब मी मांडला आणि त्या हिशेबावर आपलं घर मोडलं. जाताना तू रीतसर कळवलंस की तुझा आवाज काढून टाकावा. नियम तुझाच. मी कारण विचारलं नाही. तुझी सगळी रेकॉर्डिंगं मी एकेक करून काढली. पहिल्या वर्षातली, दुकानातली, तू सर्दीत वाचलेली, मध्येच माझ्यावर हसलास म्हणून वाया गेलेली. कपाट फाईल मी मागे ठेवली, कारण तीत तू नव्हतास. असं मी धरून चालले होते. तू शहर बदललंस आणि असल्या कारखान्यात नोकरी धरलीस, जिथे दिवसभर कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. ते आम्हाला तुझ्या मावसभावानं सांगितलं.

आता सगळं काम एक मुलगा बघतो. दिवसा बँकेत असतो, उरलेल्या वेळात हे. आम्ही त्याला मुकादम म्हणतो, कारण सगळ्यांकडून काम काढून घेतो आणि स्वतः कधी रागावत नाही. मला ताई म्हणतो. गुणी आहे, तुला आवडला असता. यंदा त्यानं फार मोठं काम केलं. घशाचं ऑपरेशन होऊन आवाज गेलेली माणसं, अंथरुणाला खिळलेली, नुसत्या श्वासात बोलणारी, अशांनी आपले आवाज दिले आणि नव्या आवृत्तीला कुजबुज कळायला लागली. लोक कधीची वाट बघताहेत. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या आणि एक लाल राहिली. कपाट.

तो लाल ठिपका मी पुन्हा पुन्हा तपासला. प्रोग्रॅम आता तिला ओळखत नाही, असंच मला वाटलं. दुसऱ्यांदा गेली, असं वाटलं. मुकादमानं लिहिलं, "ताई, ही एकच फाईल सगळ्यांना अडवून बसलीय. फार जुनी आहे, आवाज दबलेला आहे, आणि प्रोग्रॅम मधल्या सळसळीत नसलेले शब्द घुसडतोय. असले प्रोग्रॅम शांततेतसुद्धा शब्द ऐकतात, तुम्हाला माहीतच आहे. काढून टाकूया का?" त्या बिचाऱ्याला काय माहीत तो कुणाला काय विचारतोय. मी म्हटलं, घुसडलेले शब्द कोणते ते तरी दाखव. त्यानं दाखवले. मी ते वाचले आणि पडदा बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. घरचे कान चालत नाहीत, म्हणून मी काही बोलले नाही. मी एवढंच म्हटलं की तो तुकडा आवाज वाढवून तीन नव्या माणसांना ऐकायला पाठव, लिहिलेलं काही दाखवू नकोस.

तिघांचंही उत्तर एकच आलं. प्रोग्रॅमनं काही घुसडलं नव्हतं. आपला भोंगा इतक्या मोठ्यानं बोलतो की त्याच्याखाली आणखी एक आवाज आहे, हे तेव्हा कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. आपण त्याला कपड्यांची सळसळ समजत होतो. ती म्हणते, मी लपले. आणि ते संपायच्या आतच तिच्या आवाजाखालून तू म्हणतोस, "हळू बोल, आई ऐकेल." तिघांपैकी एका बाईंनी खाली शेरा लिहिला आहे, नियमात नसलेला. मागे एक माणूस आहे, बहुतेक तिचे बाबा, हसू दाबताहेत. त्या बाईंना मी कधी भेटणार नाही, पण त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग मी हेडफोन लावले. पहिल्यांदाच. दुपारची वेळ होती, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. मी ते किती वेळा ऐकलं ते विचारू नकोस. तुम्ही दोघं कोटांमध्ये एकमेकांना चिकटून बसला आहात आणि मी शेजारच्या खोलीत आहे, आणि मी ऐकीन याची तुम्हाला भीती आहे. मला त्या खेळात घेतलं होतं, हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती कपाटात एकटी असायची आणि तू दुकानात.

आजींपासून या घरात काही लपत नाही. मी शेवटी हेडफोन काढून ते स्पीकरवर लावलं, आणि त्यांच्या पडद्यावर सध्या नवीच आवृत्ती आहे. त्यांनी वाचलं. पुन्हा लाव, अशी खूण केली, पुन्हा वाचलं. मग सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कपाटात दोघं होते होय? तरीच सापडत नव्हती! बापच लपवायला म्हटल्यावर म्हातारीला कशी सापडणार?" आणि हसल्या. ती गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्या रडायला लागल्या आणि मग आम्ही दोघीही रडलो. पडद्यावर मात्र काहीच उमटलं नाही. रडणं लिहायला आपण त्याला शिकवलंच नाही.

त्या दिवसापासून मी एकच विचार करते आहे. त्या फाईलमध्ये काय आहे हे जगात फक्त तुला ठाऊक होतं. घरभर तिचा आवाज घुमला तेव्हा आम्हाला ती ऐकू आली. तुला तू ऐकू आलास. हळू बोल. आणि हॉस्पिटलात तू तिला काय विनवत होतास ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. अरे वेड्या, तू हे एकट्यानं उरावर घेऊन बसलास? तिला हळू बोल असं आपण सगळेच दिवसातून शंभरदा म्हणायचो. काकू म्हणायच्या, शाळेतल्या बाई म्हणायच्या, मी तर डोळे वटारून म्हणायची. तिनं कुणाचं ऐकलं? तुझंही ऐकलेलं नाही. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तू हळू बोल म्हणालास त्यानंतर ती जे ओरडते, 'आता मला शोधा', ते पहिल्यापेक्षा मोठ्यानं आहे. तुझ्या सांगण्यानं ती गप्प झाली नव्हती. आजारानं झाली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. त्या फाईलमध्ये तुझा आवाज निघाला आहे, आणि तू तुझा आवाज काढून घेतलेला आहेस. मुकादमानं दोन्ही आवाज वेगळे करून बघितले, पण तुला बाजूला काढलं की ती पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी होते, ती राहत नाही. तेव्हा दोघं राहाल किंवा दोघं जाल. मी कुणाला न सांगता गुपचूप ठेवू शकले असते, पण नियम तुझा आहे आणि तो मी मोडणार नाही. ज्याचा आवाज त्याचा होकार. परत ये असं मी म्हणत नाही, तेवढा हक्क आता आपला एकमेकांवर राहिलेला नाही. तू नाही म्हणालास तर मी माझ्या हातानं फाईल काढीन आणि कारण विचारणार नाही. रडेन, ते माझं मी बघेन. हो म्हणालास तर इतकी वर्षं अपुरा राहिलेला मजकूर दुरुस्त करीन, तिच्या वाक्यात तुझं वाक्य घालीन, आणि मग रोज कुणी ना कुणी तुम्हा दोघांना शोधून काढील. उत्तर लांबलचक नको. पुढच्या सेलच्या पाकिटात चिठ्ठीवर एक शब्द टाक, हो किंवा नाही, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. आजी पाकीट झटकतीलच. आणि तुला जी भीती होती ना त्या कपाटात, ती खरी झाली आहे. फार उशीर झाला, पण आईनं ऐकलं.

तुझीच,
शेजारच्या खोलीतली
अनुस्वार